जुनी मोटार घेताना इंजिनाइतकेच कागदही तपासा

दिल्ली परिसरातील १० वर्षांहून जुन्या डिझेल व १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. पुढे अंमलबजावणीत बदल झाले. मात्र मुदत जवळ आलेल्या तेथील मोटारी इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या.

ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो. फसगत पुष्कळदा कागदांत होते. परराज्यातील मोटारीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोटार १२ महिन्यांहून अधिक काळ नव्या राज्यात ठेवायची असल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, रस्ता करही भरावा लागतो. स्वस्ताईचा बराच भाग तेथेच संपतो. नोंदणी प्रमाणपत्रावर कर्जाचा बोजा असल्यास, बँकेच्या सहीचा नमुना क्रमांक ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

धोका विक्रेत्यालाही आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणीतील नाव बदलले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. सह्या केलेले कोरे अर्ज आणि किल्ली सोपवून व्यवहार संपत नाही, तो असा.

विम्यावरील नाव बदलण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. तसे न केल्यास मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.