तारेतून जातो तो आवाज नव्हे

कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या काठी, गाणगापूर आहे. दत्तदर्शनासाठी महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तिथे कायम रीघ असते, आणि मराठी भजन असो की कानडी, पेटी तीच चालते. त्या पेटीवर काळी एक दाबली की भात्यातली हवा सुटते, पितळी रीड थरथरते आणि सूर निघतो. सगळा कारभार एका लाकडी खोक्यात. आता समजा, काळी एक इथे दाबली आणि सूर निघाला पलीकडच्या खोलीतल्या संगणकातून. मधे फक्त नेटवर्कची केबल. त्या केबलमधून नेमकं काय गेलं असेल?

आवाज तर मुळीच गेला नाही. गेले तीन आकडे : १४४, ६१, १००.

१४४ म्हणजे ‘पहिल्या चॅनेलवर सूर सुरू कर’. ६१ म्हणजे मधल्या सप्तकातली काळी एक. तिच्या डावीकडची पांढरी एक ६०. आणि १०० हा बोटाचा जोर, तो १ पासून १२७ पर्यंत मोजतात. बोट उचललं की १२८ ने सुरू होणारा दुसरा निरोप जातो : ‘सोड.’ एवढंच! सूर बासरीचा काढायचा की सतारीचा, ते ऐकणाऱ्या यंत्राने ठरवायचं. वादकाच्या बोटांची हालचाल तेवढी आकड्यांत पकडणाऱ्या या भाषेचं नाव मिडी.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड तुम्ही शंभरदा पाहिला असेल. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडच्या, ‘पॅड-८’च्या, पोटात एकही आवाज नव्हता! काठी पडली की तो फक्त मिडीचे आकडे बाहेर पाठवायचा. ढोल वाजायचा तो दुसऱ्याच यंत्रात.

ही भाषा जन्मली कशी, तेही थक्क करणारं आहे. जपानच्या रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे धंद्यातले प्रतिस्पर्धी. तरी जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडली गेली. एकावर वाजवलं, दुसरं बोललं. आणि ही भाषा त्यांनी सगळ्यांना फुकट वापरू दिली. दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. माझ्या मते ते फार उशिरा मिळालं.

त्या जुन्या पाच पिनांच्या तारेत एक गंमत दडलेली आहे. ती ज्या यंत्रात शिरते तिथे वीज थेट आत जातच नाही. एक इवलासा दिवा लुकलुकतो, समोरचा डोळा ते लुकलुकणं टिपतो आणि मग आकडे पुढे सरकतात. दोन वाद्यांमध्ये विजेचा संबंधच नाही, त्यामुळे एकाची घरघर दुसऱ्यात उतरत नाही. म्हणजे तुमची काळी एक वाटेत क्षणभर चक्क उजेड होते!

पण तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराच्या निरोपाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि निरोप जातात एकामागून एक. दहा बोटं एकदम पडली तर शेवटचा सूर सहा ते नऊ मिलिसेकंद मागे राहतो. शिवाय तारेची लांबी १५ मीटरपर्यंतच. आज साध्या ऑफिसातली नेटवर्कची केबलसुद्धा सेकंदाला १० कोटी बिट नेते, म्हणजे ३,२०० पट, आणि तीही १०० मीटरपर्यंत. मग मिडी तिच्यावरूनच का पाठवू नये?

अडचण अशी की नेटवर्कवर पाकिटं हरवतात. ईमेलचं पाकीट हरवलं तर संगणक पुन्हा मागून घेतो; अर्धा सेकंद गेला तरी बिघडत नाही. संगीतात अर्ध्या सेकंदात सम निघून जाते! म्हणून इथे हरवलेलं मागायचंच नाही, असं ठरलं. पण हरवलेला निरोप नेमका ‘सोड’ असेल तर? सूर अडकला, तो तसाच भोंग्यासारखा ओरडत राहणार.

यावर बर्कलीच्या जॉन लाझारो आणि जॉन वॉरझिनेक यांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा वाटतो. सासरी गेलेली लेक पूर्वी पत्रात आधी मागच्या पत्रातला मजकूर थोडक्यात लिहायची, पोस्टात ते गहाळ झालं असेल तर म्हणून. इथेही प्रत्येक पाकिटात नव्या निरोपाबरोबर मागचा सारांश असतो. एक पाकीट हरवलं तरी पुढचं येताच ऐकणाऱ्याला कळतं : ६१ केव्हाच सोडलाय, थांबव. मींडेचं तर आणखी सुरेख. मिडीत सूर वाकवायला १६,३८४ पायऱ्या आहेत, आणि एका मींडेत शेकडो निरोप जाऊ शकतात. सारांशात ते सगळे लागत नाहीत. सूर शेवटी कुठे पोचला, तेवढी एकच पायरी पुरते. ही पद्धत २००६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झाली. त्याआधीच, २००५ मध्ये, ॲपलने ती आपल्या संगणकांत घातली होती.

आता दुसरं कोडं. दोन संगणकांची घड्याळं कधीच जुळत नाहीत. मग ‘हा सूर अमुक क्षणाचा’ हे एकाने दुसऱ्याला सांगायचं कसं? ॲपलच्या पद्धतीत सेकंदाचे दहा हजार भाग करतात. पहिला म्हणतो, माझ्याकडे १०००. दुसरा उत्तर देतो, माझ्याकडे ५०१२. उत्तर पोचतं तेव्हा पहिल्याच्या घड्याळात १०२४ वाजलेले असतात. जाण्या-येण्याला २४ भाग लागले. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर दुसऱ्याने उत्तर दिलं तेव्हा पहिल्याकडे १०१२ वाजले होते. फरक बरोबर ४०००. घड्याळाला हात न लावता दोघांना एकमेकांची वेळ कळली! मधूनमधून हा हिशोब पुन्हा होत राहतो, कारण घड्याळं हळूहळू सरकतात.

त्या २४ भागांत एकेरी प्रवास १.२ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जातो जेमतेम ४१ सेंटिमीटर. म्हणजे पेटीवाल्याचा सूर मांडीला मांडी लावून बसलेल्या टाळकऱ्याच्या कानावर पडायच्या सुमारास त्याचा निरोप पलीकडच्या खोलीत पोचलेलाही असतो. खरा उशीर होतो तो पुढे, संगणक आवाज घडवतो तेव्हा. तो पाच-दहा मिलिसेकंद सहज घेतो. भजनात दोन-तीन मीटरवर बसलेले लोक एवढा उशीर रोज सांभाळतात आणि त्यांना तो जाणवतही नाही.

याला इंटरनेट लागत नाही, हे मला सीमाभागातल्या गावांसाठी फार मोलाचं वाटतं. रेंज गेली तरी चालेल. एक साधा राउटर चालू राहिला की पुरे. संगणक त्याच नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी हाक देतात आणि एकमेकांना शोधतात. ॲपलच्या मॅकमध्ये ही सोय ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये आयतीच असते. विंडोजसाठी टोबियास एरिक्सेन यांचं ‘आरटीपी-मिडी’ आहे. खासगी वापरासाठी ते मोफत मिळतं. मिडीच्या नव्या, दुसऱ्या आवृत्तीसाठीही नेटवर्कचं मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं.

तुमच्या मंडळात किंवा घरात दोन जुने लॅपटॉप आणि एक मिडी कीबोर्ड पडून असेल, तर एका लॅपटॉपला कीबोर्ड जोडा आणि दुसऱ्याला सूर काढू द्या. फक्त वाय-फायच्या भरवशावर राहू नका. त्यात पाकिटं कधी लवकर, कधी उशिरा येतात आणि ताल डळमळतो. लॅपटॉप केबलनेच जोडा.