विस्मरणाचं घर (लेखांक ९) : रात्रीची तयारी सकाळी

डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळताना दिवस कसाबसा निभतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायची, हरवलेला चष्मा शोधायची, हात धुऊन उठल्यावर ‘मला कुणी जेवायलाच दिलं नाही’ हे ऐकून घ्यायची सवय होते. घराची कसोटी लागते ती रात्री. लागोपाठ काही रात्री जागून काढल्या की सांभाळणारी बायको किंवा सून स्वतःच अंथरूण धरते. वृद्धाश्रमाचा विषयही अनेक घरांत अशाच एखाद्या रात्रीनंतर निघतो. म्हणून आजचा लेखांक झोपेसाठी.

हा त्रास अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराच्या पहिल्या नोंदीइतका जुना आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या आउगुस्टे डेटर या बाईंवरून अलॉइस अल्झायमर यांनी आजाराचं वर्णन केलं. रात्री त्याही घरभर अंथरूण ओढत फिरत, ओरडत. या त्रासाचं कारण मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीक पुंजका असतो. दिवस कधी आणि रात्र कधी, हे शरीराला तो सांगतो. अल्झायमरमध्ये या पेशी घटतात, झोपेची वेळ झाल्याचं कळवणारं मेलाटोनिनही कमी होतं. त्यात वयामुळे डोळ्याचं भिंग पिवळट झालेलं, त्यामुळे आत उजेड आधीच कमी पोचतो. असा माणूस दिवसभर मधल्या खोलीत पंख्याखाली बसून राहिला, तर त्याच्या मेंदूला दिवस उजाडल्याचं कळणार कसं?

तेव्हा रात्रीची तयारी सकाळी सुरू करायची. चहा गॅलरीत किंवा अंगणात द्यायचा, अर्धा-पाऊण तास तरी उघड्यावर बसवायचं. जमेल तेवढं चालणं, मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं; काम नीट झालं नाही तरी हरकत नाही, हातपाय हलले पाहिजेत. दुपारी जेवणानंतर अर्धा तास लवंडू द्यावं, चहाच्या वेळेपर्यंत घोरू देऊ नये. दिवसा भेटायला आलेले नातेवाईक ‘किती शांत झोपलेत’ म्हणून कौतुक करतात. त्या झोपेची वसुली रात्री कुणाकडून होते, हे त्यांच्या गावीही नसतं.

आणखी एक साधा हिशेब बहुतेक घरांत चुकतो. सगळे दमलेले असतात, म्हणून आजोबांना आठलाच आडवं केलं जातं. सहा तास झोप झाली की ते दोनला टक्क जागे, आणि आपण म्हणतो, रात्रभर झोपत नाहीत. त्यांना साडेनऊ-दहापर्यंत जागं ठेवा. बाकी काहीही बदलण्याआधी हे एवढं करून पाहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तिन्हीसांजा मात्र जपाव्या लागतात. याच वेळी अस्वस्थता वाढते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. अंधारून येण्याआधीच दिवे लावा, सावल्या पडू देऊ नका. खिडकीच्या काचेत किंवा आरशात स्वतःचंच रूप परकं माणूस वाटून काहीजण घाबरतात, म्हणून पडदा ओढून घ्या. टीव्हीवरच्या आरडाओरड्याच्या बातम्या बंद. दुपारनंतर चहा-कॉफी नको. पाणी सकाळ-दुपार भरपूर, झोपण्यापूर्वी दोन तास बेताचं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. डिमेन्शियासाठीची डोनेपेझिल गोळी रात्री घेऊन भीतिदायक स्वप्नं पडत असतील, तर तीही विचारून सकाळी हलवता येते.

एवढं करूनही माणूस उठतो, तेव्हा बहुधा काहीतरी होत असतं आणि ते सांगता येत नसतं. लघवी लागलेली, पोट साफ नसलेलं, गुडघा ठणकत असलेला. पूर्वी बरा झोपणारा माणूस दोन दिवसांत एकदम बिघडला, तर लघवीतला जंतुसंसर्ग किंवा दुसरा एखादा आजार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेत कुणी हातपाय झाडत असेल, स्वप्नातलं भांडण अंथरुणात करत असेल, तर तेही जरूर सांगा. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हे लक्षण कधीकधी विसराळूपणाच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं.

साताऱ्याकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर पहाटे तीनला उठून शर्टाची बटणं लावत आणि तिकिटांची पेटी शोधत. बायको समजवायची, ‘अहो, तुम्ही रिटायर झालात.’ की ते भडकायचे, दाराकडे धावायचे. पुढे तिने वाद सोडला. ‘कुठली गाडी आहे आज?’ असं विचारू लागली. ‘स्वारगेट.’ मग वाटेतली एकेक गावं ते सांगत जायचे, ती कोमट दूध हातात द्यायची, आणि बोलता बोलता ते पलंगावर टेकायचे. दरवेळी झोप लागायची असं नाही, पण दारातली झटापट थांबली.

त्या घरात दाराला वर, सहज नजर जाणार नाही अशी कडी बसवली होती आणि एक घुंगरू बांधलं होतं. बाथरूमच्या वाटेवर झिरोचा दिवा, पायपुसणी उचललेली, गॅसचा रेग्युलेटर बंद. माणसाला एकट्याला आत कोंडून बाहेरून कडी मात्र कधीच घालू नये.

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्टच लिहिते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी देऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ वाढतो, रात्री पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका असतो. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या काही औषधांनीही विसर वाढतो. उग्र वागणं आवरण्यासाठी देतात त्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली दिला. कधीकधी ती द्यावी लागतात; तेव्हा कमीत कमी मात्रेत, ठरावीक काळापुरती, डॉक्टरांच्या नजरेखाली. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र एकदम तोडू नका.

आणि जागणाऱ्याची झोप? रात्रीच्या पाळ्या लावा. मुलाने, मुलीने आठवड्यातल्या दोन रात्री घ्याव्यात. परगावी असतील तर रात्रीच्या आयाचे पैसे द्यावेत. ‘आई करते ना सगळं’ म्हणून हा विषय टाळू नये. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७, आणि सांभाळणाऱ्याचं स्वतःचंच मन थकलं असेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६, हे दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : अंघोळीला नकार.