पोथीतले तुकोबा आणि पडद्यावरचे तुकोबा



गेल्या परीक्षेच्या वेळी माझ्या हाती एक उत्तरपत्रिका आली. प्रश्न साधा होता. तुकाराम महाराजांच्या अभंगांतून दिसणारा भक्तिविचार उदाहरणे देऊन स्पष्ट करा, एवढाच. विद्यार्थी खेड्यातला, पण हुशार. त्याने चार उदाहरणे दिली होती. तीन गाथेतली होती. चौथे मात्र गाथेत शोधूनही सापडणार नाही. ते गीत शांताराम आठवले यांनी 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या बोलपटासाठी लिहिलेले आहे. मी मुलाला बोलावून विचारले, "हा अभंग कुठे वाचलास?" तो म्हणाला, "वाचला नाही, सर. आमची आजी रोज सकाळी म्हणते."

आता सांगा, गुण कापायचे कोणाचे? मुलाचे, आजीचे, की सिनेमाचे?

या प्रश्नानेच आजच्या विषयाला हात घालतो. पुस्तकातली किंवा परंपरेतली कथा पडद्यावर येते तेव्हा तिचे काय होते, आणि ती चांगली उतरली की नाही हे आपण कसे ओळखायचे?

बहुतेक जण सिनेमा पाहून आले की पहिला प्रश्न विचारतात, "पुस्तकात आहे तस्सं दाखवलंय का हो?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याने फारसे काही हाती लागत नाही. दोन-अडीचशे पानांची कादंबरी वाचायला सहासात तास तरी लागतात. सिनेमा अडीच तासांत उरकायचा असतो. तेव्हा गाळणे आले, जोडणे आले, दोन माणसांचे एक करणे आले. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे उदाहरण घ्या. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, आणि अशा चाळीसहून अधिक रात्री आहेत. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. तेवढ्या सगळ्या रात्री एका खेळात बसवणे कोणालाच शक्य नव्हते. अत्र्यांनी निवड केली, आणि आईला मध्यभागी ठेवले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम लोकांच्या मनात घर करून राहिले. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू झाले तेव्हा पहिला मान याच चित्रपटाला मिळाला. पुस्तकातले पुष्कळ गेले, पण पुस्तकाचा प्राण गेला नाही. मूल घडते ते धाकाने की प्रेमाने, हा त्या पुस्तकाचा प्रश्न चित्रपटातही तसाच उभा राहतो.

तेव्हा पहिली खूण अशी धरावी : सगळे आले का, हे न विचारता मूळ प्रश्न शिल्लक राहिला का, हे विचारावे.

दुसरी खूण जरा निराळी आहे. लेखक माणसाच्या मनात शिरून सांगू शकतो. 'त्याला आपल्या वयाची लाज वाटली' असे एक वाक्य लिहिले की काम झाले. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. त्याला वस्तू दिसते, चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मग मनातली गोष्ट त्याने कशी सांगायची? व्ही. शांताराम यांच्या १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये याचे उत्तर आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो काढलेला. वयस्क वकील काकासाहेबांशी नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न फसवून लावून देतात, आणि ती हे लग्न मनाने मानायला नकार देते. केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब मिशांना कलप लावून आरशात बघतात. भिंतीवरचे जुनाट घड्याळ त्यांच्या वयाची साक्ष देत राहते. पार्श्वसंगीताचा आधारही दिग्दर्शकाने घेतलेला नाही, घरातले खरे आवाजच तेवढे कानांवर येतात. कोणी भाषण करत नाही, तरी त्या म्हाताऱ्याचे मन आपल्याला कळते. कादंबरीतले शब्द असे वस्तूंत उतरवता आले, तर रूपांतर साधले म्हणावे. नुसते संवाद उचलून पात्रांच्या तोंडी घातले, तर ते पुस्तक मोठ्याने वाचल्यासारखे होते.

शिक्षक बंधुभगिनींना 'बनगरवाडी' जवळची वाटेल. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर पोरसवदा मास्तर जातो, शाळा धरतो, गावाच्या हातून तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात ते गावच उठून जाते. सारी हकीकत मास्तर स्वतःच 'मी' म्हणून सांगतो. अमोल पालेकरांनी १९९५ साली यावर चित्रपट केला. तिथे एक अडचण येते. मास्तराचे एकटेपण पुस्तकात त्याच्याच तोंडून कळते, तर पडद्यावर आपण त्याला बाहेरून पाहतो. पण जे पुस्तकाला पानेच्या पाने लिहावे लागते, तो उघडा माळ, ती मेंढरे, त्या पाऊलवाटा, हे सारे पडदा एका दृष्टिक्षेपात दाखवतो. एक घेतो, एक देतो. ज्याला दोन्ही मिळतात तो भाग्यवान.

आता दंतकथेकडे येऊ, कारण तिथला हिशोब अगदी वेगळा आहे. कादंबरीचा एक लेखक असतो आणि ग्रंथ छापलेला असतो. सिनेमाने काय बदलले ते ताडून पाहता येते. दंतकथेचे तसे नाही. ती शेकडो तोंडांनी सांगितलेली असते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला, तो 'राजा हरिश्चंद्र'. चित्र मुके होते, तरी प्रेक्षकांना अडले नाही, कारण गोष्ट सर्वांना घरूनच पाठ होती.

आणि गोष्ट बदलून सांगणे हे काही सिनेमाने आणलेले खूळ नव्हे. आपले कीर्तनकार बुवा पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले आहेत. पूर्वरंग झाला की आख्यान लावायचे, त्यात गावच्या पाटलाला चिमटा काढायचा, हरिश्चंद्राच्या तोंडी चार आजच्या गोष्टी घालायच्या. कोणी हरकत घेत नाही. का घेत नाही? कारण बुवांची भर त्या रात्रीपुरती असते. पुढच्या सप्ताहाला दुसरे बुवा येतात आणि तीच कथा वेगळ्या वळणाने सांगतात. ऐकणाऱ्याला आपोआप कळते की कथेला अनेक वाटा आहेत.

सिनेमाचे इथेच वेगळे आहे. तो एकदा सांगतो आणि सगळीकडे, सगळ्या काळी, तेच सांगतो. 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल यांनी फार तन्मयतेने केला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबा असे वठवले, की पुढे अनेक घरांतल्या तसबिरींतही त्यांचाच चेहरामोहरा उतरला. त्यातली जिजाई, म्हणजे गौरीबाई, पोर आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन देवालाच जाब विचारायला देवळात जाते. भक्ती आणि भाकरी यांचे भांडण इतक्या खरेपणाने फार थोड्या ठिकाणी दिसते. शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात. हे सारे उत्तम आहे, यात वाद नाही.

पण त्याची किंमत आपण कशाने दिली तेही पाहा. तुकोबांना झालेल्या छळाच्या कथा परंपरेत अनेक आहेत, आणि त्यांत माणसेही अनेक आहेत. चित्रपटाने त्यांतला बराचसा भार एका सालोमालोवर घातला. गोष्ट आटोपशीर झाली, पण तुकोबांचा झगडा एका मत्सरी माणसाशी होता असे वाटू लागते. गाथा वाचली की उमगते, की तो झगडा ढोंगाशी होता, जातीच्या ताठ्याशी होता, आणि स्वतःच्या मनाशीही होता. पुढे २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' काढला. त्यात तुकोबांचे तरुणपण, त्यांचे दुकान, दुष्काळाचा घाला, यांना अधिक जागा मिळाली. माणूस तोच, पण वाट दुसरी. दोन बुवांनी दोन सप्ताहांत सांगावे तसे हे झाले, आणि ते चांगले झाले.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना सिनेमा जरूर दाखवा. पण आधी मूळ पुस्तकातले एखादे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचा. गोष्ट दंतकथेची असेल तर मुलांना सांगा, घरी जाऊन आजीला, आजोबांना विचारून या, त्यांच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात. मग सिनेमा पाहून झाल्यावर फळ्यावर तीन रकाने काढा : काय गाळले, काय घातले, काय बदलले. शेवटी एकच प्रश्न विचारा, 'असे का केले असेल?' त्या प्रश्नाने मुलाला सिनेमाही समजेल आणि पुस्तकही. आणि ज्या गावात वाचनालय नाही, तिथे तर हे अधिकच करायला हवे. तिथल्या मुलाच्या दृष्टीने पडद्यावर जे आले नाही, ते घडलेच नाही असे होऊन बसते.

राहता राहिली ती उत्तरपत्रिका. चौथ्या उदाहरणाचे गुण मी दिले नाहीत, देता येत नव्हते. पण त्या मुलाला वाचनालयातून गाथा काढून दिली आणि म्हटले, "आजीला वाचून दाखव, आणि तिला कोणते अभंग आधीच येतात त्याची यादी कर." पंधरा दिवसांनी तो यादी घेऊन आला. एकोणतीस अभंग होते. त्यांतले कितीतरी मलाही पाठ नव्हते. यादीच्या तळाशी त्याने ते सिनेमातले गीतही लिहिले होते, आणि पुढे स्वच्छ अक्षरात नोंद केली होती : 'हे आठवल्यांचे. पण आजी म्हणते, तरी मी म्हणणारच.'

आजींचे चुकले असे मला वाटत नाही. गीत गोड आहे, म्हणावे. फक्त ते कोणाचे, एवढे नातवाला ठाऊक असावे.