वरच्याप्रमाणे

सकाळी 9.30. वडूज. कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल आप्पांचं. निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर, एसटीला अर्धं तिकीट. पिशवीतून भिंग निघतं, शिसपेन्सिल, पट्टी, चष्म्याची दुसरी जोडी. मोडी ते पेन्शनीत आल्यावर शिकले. शिकवणारा पोरगा त्यांच्या निम्म्या वयाचा.

10.15. पहिलं गिऱ्हाईक. जुनं खरेदीखत, दोन पानं. अक्षर मोत्यासारखं. तासात हातावेगळं. पानाला शंभर, फिकट असलं तर दीडशे.

11.30. येरळेपलीकडचे बापू आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाव नमुना 14 ची नक्कल, जन्म-मृत्यूची. पोराच्या ॲडमिशनला दाखला हवा. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीच्या कागदावर ‘कुणबी’ एवढा शब्द घावला पाहिजे. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम राज्यभर सुरू झालं, तेव्हापासून या टेबलाला बरे दिवस आलेत.

12.00. आप्पा ओळीखाली पट्टी धरतात. मोडीत आधी रेघ मारायची, मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता. शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं बघायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. वर झेरॉक्सचा काळा डाग.

साल 1918, ऑक्टोबर. मरणाच्या कारणाचा रकाना: ताप. ताप. ताप. ताप.

“मानमोडीची साथ,” आप्पा म्हणाले. पेन्सिल थांबली. “म्हादू बिन राणू. वय महिने तीन.”

“राणू आमचा पणजा,” बापू पुढं सरकले. “म्हंजे आज्याला भाऊ हुता?”

आप्पा पुढचं अक्षर लावत होते.

1.30. भाकरी, मिरचीचा ठेचा. चहा दहा रुपये.

2.15. “जात काय लिवलीया?”

जातीच्या रकान्यात दोन बारीक रेघा. म्हणजे वरच्याप्रमाणे. वरच्या नावापुढं तेच, त्याच्याही वर तेच, पानाच्या टोकापर्यंत. शब्द लिहिलाय तो मागच्या पानावर. बापूंनी नक्कल एकाच पानाची मागितली होती.

“मागलं पान आणा.”

बापू परत कचेरीत गेले. नवा अर्ज, नवं तिकीट, नवा हेलपाटा. एक दिवसाची मजुरी आजच बुडाली होती.

4.00. आप्पांनी देवनागरी उतारा करून सही ठोकली. दीडशे घेतले. वाचायचं ते वाचलं होतं. मधे एक पान झालं, शंभराचं. दिवसाचे साडेचारशे; त्यातले पन्नास टेबलाचे.

5.10. आप्पा भिंग पुसत होते. बापू दारात आले.

“त्या पोराचं नाव काय म्हणला?”

“म्हादू.”

“तेवढं लिवून द्या. घरी म्हातारीला इचारतो.”

वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर आप्पांनी लिहिलं. बापूंनी कागद पिशवीत नाही, खिशात घातला.