देशावरच्या माणसांचे जहाज

सातारा-सांगलीत पाण्याचा विषय निघाला, की कृष्णा, कोयना, वारणा यांची नावे येतात. समुद्र आपल्याला दिसतो तो घाट उतरल्यावर. तरीही ज्या जहाजामुळे दर वर्षी ५ एप्रिलला देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो, त्या ‘लॉयल्टी’चे धागे आपल्या या दोन जिल्ह्यांशी जुळलेले आहेत.

जहाज मूळचे इंग्लंडचे. बॅरो येथील गोदीतून १८९० मध्ये ते पाण्यात उतरले, तेव्हा त्याचे नाव होते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. व्हँकुव्हर आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान टपाल व उतारू नेण्यासाठी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने ते बांधून घेतले. लांबी सुमारे १३९ मीटर, नोंदणी ५,९०५ टनांची, वेग ताशी १६ सागरी मैल. दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या, पांढरेशुभ्र अंग आणि शिडाच्या गलबतासारखी पुढे झेपावणारी नाळ. बांधणीतच आणखी एक सोय करून ठेवली होती. युद्ध पेटले, तर तोफा चढवून या उतारू जहाजाची क्रूझर करता यावी. ब्रिटिश सरकार टपालासाठी जे भरघोस अनुदान देई, त्यामागे हाही हिशेब होता. १९०३ मध्ये एका चिनी क्रूझरशी त्याची टक्कर झाली. ती क्रूझर बुडाली, हे तरले.

१९१३ मध्ये कंपनीकडे नवी, मोठी जहाजे आली आणि जुने विक्रीला निघाले. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ च्या अखेरीस ते विकत घेतले. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या पाटलांचे हे घराणे. उत्तर हिंदुस्थान हलवणाऱ्या महादजींनाही ‘पाटील’ म्हणवून घेण्यातच मोठेपणा वाटे. माधवरावांनी १९०० मध्येही चीनच्या मोहिमेसाठी इस्पितळी जहाज दिले होते. या वेळी तोफांसाठी जागा राखून बांधलेल्या जहाजावर त्यांनी जखमी हिंदी शिपायांच्या खाटा मांडल्या. जहाजाचे नवे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा.

युद्ध संपले, जहाज पुन्हा विक्रीला आले. मूळचे सोलापूरचे, रेल्वेची कंत्राटे घेणारे वालचंद हिराचंद यांच्या कानावर ही बातमी गेली. जहाजाच्या धंद्याचा अनुभव नसताना त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह १९१९ च्या मार्चमध्ये कंपनी उभी केली आणि ‘लॉयल्टी’ घेतली. कंपनीचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे नाव असे जहाजाच्या धंद्यात आले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून इंग्लंडकडे नांगर उचलला. राजनिष्ठेच्या नावाचे हे जहाज साहेबाची मक्तेदारी मोडायला निघाले होते.

जहाज जुने होते. १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. खरी लढाई कंपनीला लढावी लागली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले. त्यांतल्याच एका बड्या कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी ती विकत घेण्याची तयारी दाखवली, पण वालचंदांनी नकार दिला. ब्रिटिश कंपन्यांशी १९२३ मध्ये केलेल्या करारात त्यांनी दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते राहण्याची अट सोसली, पण कंपनी टिकवली. पुढे १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या गोदीची पायाभरणी झाली आणि तिथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. इंग्रजांचे वापरलेले जहाज घेऊन सुरू झालेला धंदा तीस वर्षांच्या आत स्वतःचे जहाज बांधण्यापर्यंत पोचला. ‘लॉयल्टी’ची थोरवी मी यात मानतो.

वालचंदांचे नाव आपल्याकडे रोज उच्चारले जाते. सातारा रोडचा कूपर कारखाना पुढे त्यांच्याच समूहात गेला. सांगलीत विश्रामबागेला १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून त्यांचे नाव लावते. मात्र हे नाव उच्चारताना त्यांचे जहाज आठवणारे थोडेच. कण्हेरखेडच्या शाळेत आणि विश्रामबागेच्या वर्गात येत्या ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ची हकिगत सांगितली जावी. समुद्र न पाहिलेल्या पोरांना ती आधी सांगायला हवी. हे जहाज हाकारणारेही देशावरचेच होते.