तळ्यावरच्या वहीचं वजन

सुरतेच्या पश्चिमेला, ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांत, ऊस-भाताची शेतं संपली की खाजणात कोळंबीची तळी लागतात. पॅडलव्हील एरेटर पाणी घुसळत असतात. शेतकरी चेक ट्रे वर ओढून खाद्य किती उरलंय ते पाहतो आणि आकडा वहीत टिपतो. कोळंबीचा भाव 'काउंट'वर, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावर ठरतो. ४०चा काउंट ३०वर आला की पैसे वाढतात, पण तोवर माल जगला पाहिजे.

माल युरोपला जायचा असेल, तर काढणीआधीच तळ्याची तपासणी होते. पाग टाकून काढलेला नमुना बर्फात घालून एमपीडाच्या, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या, प्रयोगशाळेत जातो. तिथे एलायझा चाचणीने क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा माग काढतात. हा अहवाल नसेल तर युरोपला माल पाठवणारा कारखाना कोळंबी दारात घेत नाही. रोगाची चाहूल लागलेली असताना अहवालासाठी थांबणं किती जिवावर येतं, हे तळंवाल्यालाच विचारावं.

पुढे सोलणं, गोठवणं, उणे १८ अंशांवरची साठवण. शेवटी निर्यात निरीक्षण अभिकरणाचं हेल्थ सर्टिफिकेट. सही एका अधिकाऱ्याची, पण तिच्या मागे तळ्याचा नोंदणी क्रमांक, काढणीआधीचा अहवाल, कारखान्याच्या नोंदी अशी सगळी साखळी उभी असते. एक कडी निसटली तरी कंटेनर अडतो.

नियम एका रात्रीत कडक झाले नाहीत. १९९७ साली युरोपीय संघाने भारतातल्या मासळीवर बंदी घातली, तेव्हा मुख्य तक्रार कारखान्यांतल्या स्वच्छतेची होती. २०१६ साली संघाने भारतीय मत्स्यशेतीतल्या मालाच्या सीमेवरच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. म्हणजे निम्म्या खेपांचे नमुने तिकडे पुन्हा तपासायचे. नोव्हेंबर २०२२पासून क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची पातळी किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम झाली. टनभर कोळंबीत एक मिलिग्रॅमचा सहावा हिस्सादेखील नाही! एवढंसं औषध शोधणारं यंत्र आहे, म्हणून तर तसा नियम करता आला.

गंमत अशी, की तळी ओस पाडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे आणि कोळंबीची वाढ खुंटवणारा ईएचपी हा बुरशीच्या कुळातला परजीवी आहे. त्यांच्यावर प्रतिजैविकं चालतच नाहीत. तरीही घाबरलेल्या माणसाला 'हे टाकून बघा' म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

आता प्रश्न यंत्राच्या पलीकडे गेला आहे. ३ सप्टेंबर २०२६पासून युरोपला जाणाऱ्या प्राणिजन्य मालाच्या प्रमाणपत्रात आणखी एक हमी द्यायची आहे: वाढीसाठी प्रतिजैविकं दिलेली नाहीत आणि माणसांच्या उपचारांसाठी राखून ठेवलेली औषधं मुळीच वापरलेली नाहीत. औषधाचा अंश काही काळाने मांसातून निघून जातो, त्यामुळे नुसत्या नमुन्यावरून ही हमी देता येत नाही. कोणतं खाद्य घातलं, कोणती बाटली फोडली, कोणाच्या सल्ल्याने, हे तळ्यावरच्या वहीतून दिसावं लागतं. इथेच खरी अडचण आहे. मोठ्या फार्मवर नोंदींसाठी तंत्रज्ञ ठेवलेला असतो. दोन-तीन तळ्यांच्या मालकाची वही मात्र बऱ्याचदा उधारीचा हिशेब आणि खाद्याची नोंद एकाच पानावर वागवते.

हे सगळं नेमकं २०२५मध्ये निकडीचं झालं, कारण अमेरिका हा भारतीय कोळंबीचा सर्वांत मोठा ग्राहक, आणि ऑगस्ट २०२५च्या अखेरीस तिने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. निर्यातदारांनी युरोपकडे मान वळवली. त्याच वर्षी सप्टेंबरात संघाने आणखी १०२ भारतीय मत्स्य-आस्थापनांना मान्यता दिली. कारखान्यांची यादी वाढली. त्यांना लागणारा तपासलेला, नोंदी असलेला माल मात्र खाजणातल्या तळ्यांतूनच यायचा आहे.