कल्पित अहवालाची खरी कथा

इ. स. १९६७ मध्यें न्यूयॉर्कच्या डायल प्रेसनें ‘रिपोर्ट फ्रॉम आयर्न मौंटन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. अमेरिकन सरकारनें नेमलेल्या १५ तज्ज्ञांच्या गुप्त मंडळाचा हा अहवाल, असें त्यांत म्हटलें होतें. आणि मंडळाचा निष्कर्ष काय, तर चिरस्थायी शांतता समाजाला परवडणारी नाहीं!

वास्तविक तो लिओनार्ड ल्यूइन या लेखकानें रचलेला उपहास होता. शांततेच्या भीतीनें शेअरबाजार घसरल्याची बातमी वाचून ‘मोनोकल’ या विनोदी पत्राच्या मंडळींना ही कल्पना सुचली. पण भाषा कचेरीची, रुक्ष. तळटीपा बहुतेक खऱ्या ग्रंथांच्या. आणि व्हिएटनामचें युद्ध तर पेटलेलेंच. वाचकांनीं संशय घ्यावा तरी कशाचा? गालब्रेथसारख्या अर्थशास्त्रज्ञानें टोपणनांवानें त्याच्या खरेपणाची ग्वाही दिली, हें कांहीं त्याला शोभलें नाहीं.

१९७२ मध्यें ल्यूइननें कर्तृत्व कबूल केलें. पण ज्यांचा विश्वास बसला होता, त्यांना ही कबुलीच बनावट वाटली. १९९० मध्यें कांहीं उजव्या गटांनीं पुस्तक परवानगीवांचून छापलें. सरकारी कागदावर स्वामित्वहक्क कसला, असा त्यांचा युक्तिवाद! तेव्हां आपलें पुस्तक कल्पित आहे हें सांगण्यासाठीं ल्यूइनला न्यायालयाची पायरी चढावी लागली. दावा आपसांत मिटला, आणि त्या छपाईच्या हजारांहून अधिक प्रती त्याच्या स्वाधीन झाल्या.